उजव्या बाजूची दोन छिद्रं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला निम्मं माहीत आहे, पण लिहायला बसलोय ते उरलेल्या निम्म्यासाठी.

इथे लोक लिहितात ते गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचतो... खरं सांगायचं तर हसायला वाचत होतो. मी सरकारी खात्यात इंजिनिअर आहे, कालवे आणि बंधारे हे माझं काम. जे मोजता येत नाही ते माझ्या लेखी नव्हतंच. आणि आता जे सांगतोय ते मोजता येतं – चार बोटं अंतर, दोन छिद्रं – तरी कळत नाही. म्हणून लिहितोय.

आम्ही मूळचे नागपूरचे. तिथली सरकारी कचेरी भोपाळला हलली तेव्हा आजोबा फायलींबरोबर इकडे आले आणि आम्ही इथलेच झालो. फक्त माझे थोरले काका, अण्णाकाका, वेगळे निघाले. इंग्रजांच्या काळातच नेव्हीत ऑफिसर झाले, महायुद्धात ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर होते, पुढे आपल्या नेव्हीत कमांडर होऊन रिटायर झाले. त्यांची सगळी मेडलं एका पितळी पट्टीवर शेजारी शेजारी होती. पहिले दोन सहा टोकांचे तारे, काळपट झालेले, मागे काकांचं नाव ठोकलेलं. मग चांदीची गोल मेडलं. पट्टीच्या मागे एक लांब, जाड पिन.

काकांना एकच मुलगी, मीनाताई. माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही, शाळेत गणित शिकवलं, शेवटपर्यंत वडिलांना सांभाळलं. हबीबगंजला – स्टेशनचं नाव बदललं तरी आम्ही हबीबगंजच म्हणतो – तिचा छोटा फ्लॅट आहे.

काका वारले त्याला आता वीसेक वर्षं होतील. नेव्हीचा ब्लेझर घालूनच न्या, ही त्यांची इच्छा होती. ताईने स्वतः त्यांना ब्लेझर चढवला, मेडलं लावली, बटणं लावली. मुलगा नाही म्हणून अग्नी मी द्यायचा, आणि आमच्याकडे बायका घाटावर जात नाहीत म्हणून ताई घरी थांबली. घाटावरचा माणूस म्हणाला, "लोहा-पीतल जो है, उतार लो भैया." मी मेडलं काढली, खिशात टाकली. मनात काही नव्हतं, खरंच. घरी जाऊन ताईच्या हातात द्यायची एवढंच होतं.

घरी गर्दी होती. राहून गेलं. रात्री बाबांना दाखवली तर त्यांनी ती कितीतरी वेळ हातात धरून ठेवली. म्हणाले, "राहू दे तुझ्याकडे. तिच्यामागे कोण आहे? घराण्यात राहिली पाहिजेत." मला ते पटलं. बाबांवर ढकलत नाही... मला ते हवंच होतं.

तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करायला ताई हट्टाने आली. आणि राखेसमोर उभी राहिल्यावर तिला एकदम आठवलं. "शिऱ्या, मेडलं! मी काढायला सांगितलंच नाही कुणाला." ती खाली बसली आणि बोटांनी राख चाळायला लागली. एखादा तुकडा, एखादं वितळलेलं काहीतरी मिळेल म्हणून. मी शेजारी मडकं धरून उभा होतो. तेव्हा तोंड उघडलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

काही मिळालं नाही. "मी अण्णांची मेडलं जाळली," असं ती तेव्हा म्हणाली आणि पुढची सगळी वर्षं म्हणत आली.

मेडलं मी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली, काकांच्याच दाढीच्या साबणाच्या डब्यात. बायकोला, वैशालीला, सांगितलं, "काकांनी मला दिली, ताईला बोलू नकोस, तिला वाईट वाटेल." तिला माहीत असलेलं निम्मं ते हे.

आता मुद्द्याचं. दोन वर्षांपूर्वी आम्ही भोपाळमधल्याच चार इमली भागातल्या सरकारी बंगल्यात राहायला आलो. त्या हिवाळ्यात वैशालीने माझा एक शर्ट पुढे केला. "अहो, हे काय करून आणलंत?" छातीवर उजव्या बाजूला दोन बारीक छिद्रं. एका रेषेत, मध्ये चार बोटं अंतर. खिशाच्या बाजूला असती तर पेन म्हटलं असतं. उजवीकडे खिसाच नसतो.

पुढच्या आठवड्यात दुसरा शर्ट. मग कुर्ता.

मी इस्त्रीवाल्याला धरलं. तो म्हणाला, "साहब, मेरी प्रेस में दाँत थोड़ी लगे हैं." वैशाली हसली, मी नाही. मी इस्त्रीवाला बदलला. छिद्रं पडतच राहिली. मग वॉशिंग मशीनवर संशय घेतला, ड्रम खोलून बघितला. मुलगा पुण्याहून सुट्टीला आला होता, त्याच्यावर घेतला. तो म्हणाला, "बाबा, मला खरंच एवढा वेळ नाहीये." शेवटी वैशालीवरही घेतला. तिला मेडलांचं माहीत होतं ना. कपाटाला कुलूप लावलं, किल्ली माझ्याजवळ ठेवली. ती एवढंच म्हणाली, "शर्टांना कुलूप लावणारे तुम्ही पहिलेच. चोराला निदान बंडी तरी ठेवा बाहेर." कुलपातल्या शर्टांनाही छिद्रं पडली.

एव्हाना मला कळलं होतं हे कशाचं माप आहे. ती पिन मी एकदा माझ्या हाताने काढली होती. पण काकांच्या ब्लेझरवर मेडलं डावीकडे होती. उजवीकडे का? आणि हे माप आणखी कुणाला ठाऊक असणार? ताईला. दर रविवारी ती आमच्याकडे येते. तिला कळलंय आणि ती मला छळतेय, असंच माझ्या मनाने घेतलं. सत्तरीची बाई कुलूपबंद कपाट कसं उघडेल, हा विचारही मी केला नाही. स्वतः चोर असलं की सगळे तसेच दिसतात.

म्हणून गेल्या डिसेंबरात मी मुद्दाम तिच्याकडे गेलो. वाटेत दुकानातून नवा शर्ट घेतला, तिथेच टाचण्या काढून, उजेडात धरून बघितला. कोरा करकरीत होता. तोच अंगावर घातला आणि तडक तिच्या दारात. दुपारची वेळ, बाल्कनीत स्वच्छ ऊन. ताई तिच्या जुन्या करड्या स्वेटरमध्ये मटार सोलत बसली होती.

"आलास? बस. वैशालीने हाकललं वाटतं?"

"सहज आलो."

"तू कधीपासून सहज यायला लागलास?" तिने चहा टाकला. कप देताना वाकली, आणि तिची नजर माझ्या छातीवर थांबली. "हे काय रे?"

मी खाली बघितलं. दोन छिद्रं. आणि त्या जागी कापड खाली ओढल्यासारखं, जणू काही जड तिथे बराच वेळ लटकत होतं.

ताईने दोन बोटांत कापड धरलं. मी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होतो – नाटक करतेय का, म्हणून. नव्हती करत. तिचा चेहरा एकदम मऊ झाला.

"मेडलच्या पिनेचं असतं असं. अण्णांच्या सगळ्या कोटांना होतं. जड असतात ना, कापड ओढतात. पण हे उजवीकडे आहे."

"उजवीकडे म्हणजे काय?"

"ज्याची असतात तो डावीकडे लावतो. तो गेल्यावर घरचे लावतात ती उजवीकडे. अण्णा मला लहानपणी लावून द्यायचे, रविवारी, पॉलिश करून झालं की. म्हणायचे, मी असताना तुझा नुसता सराव, मी गेल्यावर ही बाजू तुझी." ती हसली. "नेव्ही डेला तळ्यावर जमतात ना सगळे जुने नेव्हीवाले, कुणाकुणाच्या बायका लावून येतात. मी आपली नुसता स्वेटर घालून जाते. पुढच्या वर्षी शेवटचं, मग नाही जाणार. डोळ्यांना दिसत नाही आता."

तिने अजून कापड सोडलं नव्हतं.

"शिऱ्या, तू कधी लावली होतीस का रे ती?"

आता सांग, असं माझ्या आत कुणीतरी म्हणालं. मी म्हणालो, "नाही."

"मी पण काय विचारतेय. ती तर मी जाळली." आणि ती पुन्हा मटार सोलायला लागली.

तेव्हा माझं लक्ष तिच्या स्वेटरकडे गेलं. विणलेल्या लोकरीत छिद्र दिसत नाही. पण उजवी बाजू डावीपेक्षा खाली ओघळली होती. जुना स्वेटर आहे, सैल झाला असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो. लॉकर वर्षानुवर्षं उघडला नव्हता. किल्ली एकच, माझ्या जुडग्यात. डबा उघडला. मेडलं होती तशीच होती, काळवंडलेली, रिबिनी विटलेल्या. पिन लावलेली होती. मी ती उघडली तर तिच्या टोकाशी करड्या लोकरीचा एक धागा अडकलेला होता.

धागा मी घरी आणून उन्हात, चष्मा लावून, भिंग घेऊन बघितला. मग वैशालीला विचारलं. ती आधी हसली, मग माझ्याकडे बघून हसायची थांबली. म्हणाली, "मला लॉकरचं तोंडही आठवत नाही." मी तिच्यावर विश्वास ठेवला का? पूर्ण नाही. अजूनही कधी ती कपाट आवरत असताना मी दारात उभा राहून बघतो. याहून वाईट काय असतं मला ठाऊक नाही.

त्या दिवसानंतर माझ्या एकाही कपड्याला छिद्र पडलेलं नाही. मला याने हलकं वाटायला हवं होतं. उलट असं वाटतं की कुणीतरी मला विचारायचं सोडून दिलंय.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कापड, कीड, मशीन, माणसं – सगळं तपासलं. कुणाला सुचलं तर जरूर लिहा, पण "मनाचे खेळ" असं लिहू नका. मनाला लोकर येत नाही.

नेव्ही डे जवळ आलाय. ताईने परवा फोन करून विचारलं, "तळ्यावर सोडशील ना गाडीने? रिक्षावाले त्या चढावर कटकट करतात." मी सोडतो म्हणालो. आणखीही काही बोलणार होतो, तर तिने ठेवला फोन.

मीनाताईला मी अण्णाकाकांची मेडलं देणं लागतो. आणि त्याआधी, ती जळली नव्हती, मी ठेवून घेतली होती, हे तिच्या तोंडावर सांगणं लागतो. दोन्ही अजून बाकी आहे.