पुलाच्या गेममधला तिसरा रकाना

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, आणि वाचून झाले की नवऱ्याला म्हणते, "लोकांना वेळ फार." माझा यातल्या कशावरही विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर आजही नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. बावीस वर्षं हेच काम... कोणी म्हणालं, "मॅडम, आपोआप झालं," की ते आपोआप झालेलं नाही हे सिद्ध करायचं. कोणीतरी, कुठेतरी, काहीतरी दाबलेलंच असतं.

त्यामुळे माझी मतं बदलली म्हणून मी हे लिहीत नाहीये. एक गोष्ट मला सापडत नाहीये, म्हणून लिहितेय.

आम्ही कोलकात्यातले मराठी. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत. नागपूरहून बदली होऊन आले तेव्हा मी चार वर्षांची होते आणि दादा आठ. नंतर बाबा इथेच रिटायर झाले, इथेच गेले. मी लग्नानंतर बालीगंजला राहते, आई माझ्याकडे असते. दादाने लग्न केलं नाही. तो बेहालाला दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटा राहायचा. एकटा म्हणजे, दोनशे बारा कॅसेट्सबरोबर.

कॅसेट म्हणजे गाण्यांची नव्हे. आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेममध्ये जी प्लास्टिकची जाडजूड वडी खुपसायचो, ती. दादा या जुन्या कॅसेट्स जमवायचा. पगार झाला की कॅसेट. बोनस मिळाला की डब्यासकट कॅसेट.

तीन वर्षांपूर्वी भाऊबीजेला मी त्याच्याकडे ओवाळायला गेले. पाट मांडायला कशीबशी जागा केली, सगळीकडे खोके. मला भयंकर राग आला. म्हटलं, "दादा, हे भंगार आधी काढ बाबा घरातून."

"ज्यांना किंमत कळत नाही त्यांनी भंगार म्हणू नये," तो म्हणाला. तोही काही कमी नव्हता.

"किंमत कळते रे. तू मेल्यावर हे सगळं मलाच उपसावं लागणार आहे, तीही कळते."

हे मी सणाच्या दिवशी, हातात निरांजन घेऊन म्हणाले. जीभ अशीच आहे माझी. तो पाटावरून उठला, शर्ट बदलला आणि मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आला. ओवाळणं राहिलं. त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. दोन भाऊबीजा तशाच गेल्या. आई दोघांकडे निरोप द्यायची आणि दोघांकडून शिव्या खायची.

गेल्या वर्षी त्याचं लिव्हर गेलं. नऊ दिवस तो हॉस्पिटलमध्ये होता, त्यातले सात तोंडात नळी. मी रोज जात होते. "सॉरी" म्हणायला नऊ दिवस पुरेसे असतात, नाही? मी डॉक्टरांशी बोलले, बिलांचं पाहिलं, डबे आणले. नवव्या दिवशी संध्याकाळी तो गेला. माझ्यावर रागावून गेला की राग सोडून गेला, एवढंच मला कळायला हवं होतं. तेवढंच कळलं नाही.

घरमालकांनी फ्लॅट रिकामा करायला दोन महिने दिले. भला माणूस. मी दर रविवारी सकाळी बेहालाला जायचे आणि दुपार उलटली की परत यायचे. बंगळुरूच्या एका संग्राहकाने सगळा संग्रह घ्यायची तयारी दाखवली होती, पण त्याला यादी हवी होती. नाव, अवस्था, चालते की नाही, आणि भाव. म्हणजे खरोखरच उपसायला मीच बसले.

आणि तेव्हा मला दिसलं की माझा भाऊ काय करत होता. खोक्यांत ढीग नव्हते. तीन प्रकार लावले होते : नुसती कॅसेट, डब्यासकट कॅसेट, आणि डबा-पुस्तिका दोन्ही असलेली. प्रत्येक कॅसेट वेगळ्या पिशवीत आणि उभी. आडवी रचली की खालच्यांची लेबलं घासतात, म्हणून. कोलकात्याची दमट हवा कशालाच सोडत नाही. तर प्रत्येक खोक्यात ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची पुडी. ते दाणे कोरडे असले की निळे असतात, ओलावले की गुलाबी होतात. ते गुलाबी झाले की तव्यावर भाजून परत निळे करायचे. त्यासाठी त्याने वेगळा तवा ठेवला होता, त्यावर लिहिलं होतं : "पोळ्यांसाठी नाही".

भाव पेन्सिलीने, सुट्या चिठ्ठीवर. कॅसेटवर स्टिकर लावायचा नाही, डाग पडतो आणि त्याच डागापायी भाव उतरतो. दरवर्षी जुना आकडा खोडून नवा. लेबल फाटलं असेल तर खाली, बॅटरी नवी असेल तर वर. एवढे भाव काढले, आणि बारा वर्षांत एकही विकली नाही. मी एकटीच हसले तिथे. मग रडले. मग टेस्टिंगला बसले.

चौथ्या रविवारी पुलाचा गेम निघाला.

त्याचं खरं नाव आम्हाला कधी कळलंच नाही, लेबल पहिल्यापासूनच नव्हतं. बाबांच्या एका सहकाऱ्याने परदेशातून आणून दिलेली ती आमची पहिली कॅसेट. एक मुलगा तलवार घेऊन चालतो, चालतो, आणि एका मोडक्या पुलापाशी आमचा खेळ कायम संपायचा. यात खेळ सेव्ह होत असे. तीन रकाने होते, प्रत्येकाला आठ अक्षरांचं नाव देता यायचं. पहिला दादाचा, दुसरा माझा. तिसरा रिकामाच. हा सेव्ह केलेला खेळ कॅसेटच्या आतल्या एका गोल बॅटरीवर जिवंत राहतो. बॅटरी संपली की सगळं पुसलं जातं.

बाकी दोनशे अकरा चिठ्ठ्यांवर आकडा होता. या चिठ्ठीवर नुसती एक रेघ.

मी लावून पाहिली. तीनही रकाने रिकामे. दादा नाही, मी नाही. इतक्या वर्षांनी बॅटरी संपणारच, त्यात आश्चर्य काही नाही. तरी मी बराच वेळ जमिनीवर तशीच बसून राहिले. मनात कुठेतरी वाटत होतं की निदान तिथे तरी आम्ही दोघं वर-खाली असू.

ही एक कॅसेट मी ठेवणार होते. निदान धड चालती तरी असावी म्हणून दुसऱ्या दिवशी लंचमध्ये एस्प्लनेडच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे बॅटरी बदलायला नेली. दादा कायम त्यांच्याकडेच जायचा. त्यांना सगळे "काकू" म्हणतात. बंगालीत काकू म्हणजे काका. पंचाहत्तरीच्या आईला हे अजूनही पचलेलं नाही, ती विचारते, "मिशा आहेत ना त्यांना?"

काकूंनी कॅसेट उघडली, मीटर लावला. "एटा तो कोबेई मोरे गेछे, दीदी. पूरा डेड. चार-पाँच साल से." मग ती बॅटरी काढून माझ्या हातात दिली, डाख देऊन नवी बसवली, आणि माझ्यासमोर दुकानातल्या टीव्हीवर लावून दाखवली. तीन रकाने, तीनही रिकामे. मी स्वतः पाहिलं. सवयीने फोटोही काढला. "ब्यास, होये गेछे," म्हणाले. पैसे घेतले नाहीत. दादाचं नाव काढून नुसती मान हलवली.

कॅसेट माझ्या पर्समध्ये राहिली. पुढच्या रविवारी बेहालाला गेले, आधी तीच लावली. सकाळचे साडेअकरा असतील. खाली भाजीवाला ओरडत होता, खिडक्या उघड्या होत्या, लख्ख ऊन.

पहिला रकाना रिकामा. दुसरा रिकामा. तिसऱ्यात : TAMPLIZ.

टॅम्प्लीज. महाराष्ट्रात वाढलेल्यांना सांगायला नको. खेळता खेळता मूठ ओठांना लावून "टॅम्प्लीज" म्हणणाऱ्याला आउट करता येत नाही, तो स्वतः टॅम्प्लीज सोडेपर्यंत डाव थांबतो. आम्ही हे सुट्टीत नागपूरच्या भावंडांकडून शिकलो होतो. इथल्या कॉलनीतली मुलं आम्हाला हसायची, त्यांना हा काय प्रकार तेच कळायचं नाही. त्यामुळे सबंध कोलकात्यात टॅम्प्लीज म्हणणारी माणसं दोनच होती. आणि Z लावून लिहिणारा एकच. मी S लावते, त्यावरूनही आमची भांडणं झालेली आहेत.

ते नाव वाचलं आणि मला हॉस्पिटल आठवलं... नवव्या दिवशी दुपारी दादाने हात उचलला होता. मूठ वळली आणि ओठांपाशी, नळीच्या कडेला, नेऊन टेकवली. दोनदा. माझ्याकडे बघत. मी नर्सला म्हणाले, "सिस्टर, पानी माँग रहे हैं।" तिने कापसाने ओठ ओले केले. त्याने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, बरं वाटलं असेल.

तहान नव्हती ती. इतकी वर्षं त्या खुणेशी खेळले, आणि ओळखली नाही मी.

मग मी जे येतं ते केलं. टेस्टिंग. मशीन तीनदा बंद-चालू केलं, नाव तिथेच. काकूंना फोन केला, दुकानात कोणी हात लावला होता का? ते म्हणाले, "आपके सामने तो दिया।" खरंच होतं ते. कॅसेट आठवडाभर माझ्या पर्समधून बाहेर निघालेली नव्हती. ऑफिसातल्या हार्डवेअरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, नव्या बॅटरीवर मेमरीत कचरा दिसू शकतो. मान्य. पण कचऱ्याला मराठी येत नाही.

तो रकाना उघडून खेळायची माझी हिंमत झाली नाही. टॅम्प्लीज घेतलेल्याचा डाव दुसऱ्याने चालवायचा नसतो.

घरी येऊन आईला मोबाइलवर त्या नावाचा काढलेला फोटो दाखवला. नको दाखवायला होता. तिने चष्मा लावून एक-एक अक्षर लावलं. "टॅम्... अगं, हे तुमचं ते टॅम्प्लीज ना?"

"हो गं आई."

"कोणी लिहिलं?"

मग तिने फोन माझ्या हातात परत दिला. "म्हणजे तुला सांगून गेला," ती म्हणाली. "मला काहीच नाही सांगितलं त्याने." त्यानंतर तिने दादाचा विषय काढणं बंद केलं आहे. आधी रोज काढायची.

शेवटच्या रविवारी बंगळुरूची माणसं येऊन खोकी घेऊन गेली. त्यांनी फार जपून नेली, दाण्यांच्या पुड्यांसकट. माझी यादी बघून म्हणाले, भाव अगदी बरोबर काढलेत. मी म्हटलं, माझे नाहीत. फ्लॅटमध्ये फक्त टीव्ही, ते जुनं मशीन आणि ती एक कॅसेट उरली. मी दार लावून घेतलं, कॅसेट लावली आणि त्या तिसऱ्या रकान्याकडे बघून मोठ्याने बोलले. म्हटलं, दादा, मी भाऊबीजेला जे बोलले ते बोलायला नको होतं. चुकलं माझं. सॉरी. एका टेस्टरने टीव्हीला सॉरी म्हणणं हे किती हास्यास्पद दिसतं मला माहीत आहे. दुपारी दोनपर्यंत बसले. काहीही झालं नाही. ना अक्षर हललं, ना काही. दोनला घरमालक किल्ली घ्यायला आले, मी मशीन बंद केलं.

घरी लावून पाहिलं तर तीनही रकाने रिकामे. बॅटरी काकूंनी परत तपासली, उत्तम आहे. मी स्वतः एका खोट्या नावाने सेव्ह करून पाहिलं, व्यवस्थित राहतं. फोटो तेवढा माझ्याकडे आहे. ज्या ज्या माणसांना विचारलं त्यांनी डोकं खाजवलं. माझ्याकडे याचं कुठलंही स्पष्टीकरण नाही, आणि आता मिळेल असं वाटतही नाही.

माझा नवरा सांगलीचा. तो मला समजावतो, "अगं, रागावलेला माणूस कशाला टॅम्प्लीज म्हणेल? राग गेला होता त्याचा." तो चांगल्या मनाने बोलतो, म्हणून मी हो म्हणते. पण तो एकुलता एक आहे, त्याला माहीत नाही. आम्ही भावंडं टॅम्प्लीज जास्त करून भांडतानाच घ्यायचो. दम लागला की एकाने मूठ ओठांना लावायची, दोघांनी श्वास घ्यायचा, आणि मग पुन्हा तिथूनच मारामारी सुरू करायची.