शिट्टीपलीकडची बोलणी

तिसऱ्या मजल्यावरचे कानसेन आणि काकू यांचा काडीमोड होणार, ही बातमी तळमजल्यावरून निघाली आणि गच्चीवर पोचेपर्यंत काकूंचं सामानही बांधून झालं होतं. पुरावा भक्कम होता. ज्या घरातून उजाडल्यापासून काकूंचा आवाज बाहेर पडायचा, तिथे चिडीचूप. रेडिओ बंद, पंखा बंद, फ्रिजची पिनसुद्धा काढलेली.

बातमी साफ खोटी होती. काकूंनी नवऱ्याच्या मायेपोटीच तोंडाला कुलूप घातलं होतं.

कानसेन फ्रिज दुरुस्त करणारे. फ्रिजला कान लावून, डोळे मिटून त्याचं दुखणं ओळखतात म्हणून गिऱ्हाइकांनीच हे नाव ठेवलेलं. दुकान त्यांचं आणि थोरल्या भावाचं. भाऊ अचानक गेला आणि थोड्याच दिवसांत यांच्या डाव्या कानात बारीक शिट्टी सुरू झाली. आता शिट्टी ऐकू आल्यावर फ्रिजवाला काय करणार? त्यांनी घरचा फ्रिज खोलला. मग पंखा, मग मिक्सर, शेवटी शेजारणीचं वॉशिंग मशीन. शेजारीण खूश, फुकटात मशीन पुसूनही मिळालं! सगळी यंत्रं ठणठणीत निघाली, तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की बिघाड आपल्याच डोक्यात वाजतोय.

तिथे धीर सुटला. कान गेला म्हणजे धंदा गेला, असं मनाशी ठरवून त्यांनी दुकान बंद केलं. दिवसभर खुर्चीत बसून शिट्टीवर पहारा. शिट्टी वाढली की घाबरायचं, घाबरलं की ती आणखी वाढायची. घास गिळेना, डोळा लागेना. यांना त्रास नको म्हणून काकू एकेक यंत्र बंद करत गेल्या आणि शेवटी स्वतःही बंद झाल्या.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "ऐकू नीट येतंय. शिट्टी घालवायचं औषध माझ्याकडे नाही. पण तुमचं मन पार खचलंय, ते आधी दाखवा."

"म्हणजे मी वेडा?" घरी येऊन कानसेन तडकले.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा काकूंनी तोंड उघडलं. "वेडे असता तर मजेत असता. चपला घाला!"

मनाच्या डॉक्टरीणबाईंनी कानाकडे पाहिलंच नाही, भावाबद्दल विचारलं. कानसेन बोलत सुटले ते काकूंचा रुमालही भिजवूनच थांबले. डोळे पुसून झाल्यावर बाई म्हणाल्या, "दुकानात चालू असलेल्या फ्रिजची घरघर दिवसभर ऐकू येते तुम्हाला?"

"छे! नीट चाललाय तोवर कोण लक्ष देतंय? बिघडला की कान टवकारतात."

"या शिट्टीला तुम्ही बिघाड ठरवलंय, म्हणून पहारा सुटत नाही. त्यात घर गप्प करून तिला रान मोकळं दिलंत. पंखा लावा, रेडिओ लावा. आणि काकू, तुम्ही बोला."

"काय बोलू?"

"नेहमीचंच."

काकूंना तेवढंच हवं होतं. दवाखान्याच्या पायरीवरच सुरुवात झाली, "शर्टाचं बटण तुटलंय, तसेच आलात!"

एका फेरीत जादू झाली नाही. काही दिवस बरे जात, काही दिवस पुन्हा खुर्चीत. बाईंकडच्या फेऱ्या मात्र काकूंनी चुकू दिल्या नाहीत. दुकानाच्या किल्लीला कानसेन हात लावत नव्हते. कान खोटा ठरला तर, ही धास्ती. शेवटी काकूंनीच किल्ली घेतली आणि पुढे चालू लागल्या.

भाऊ गेला त्या दिवसापासून दुरुस्तीला पडून असलेला फ्रिज कानसेनांनी चालू केला, कान लावला, डोळे मिटले. शिट्टी होतीच. तिच्यामागे घरघर होती. आणि घरघरीच्या आत थांबून थांबून काहीतरी खरखरत होतं.

"मागच्या पंख्याचं पातं घासतंय," ते हळूच म्हणाले. मग स्टुलावर बसले. "ऐकू आलं गं!"

काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच सुरू केलं, "धूळ बघा केवढी! भावजी असते तर..." दोघं एकदमच हसले, एकदमच रडले.

आता डॉक्टरीणबाईंच्या फ्रिजची दुरुस्ती फुकट आहे. दुकानात रेडिओ चालू असतो आणि दुपारी डबा घेऊन येणाऱ्या काकू त्याच्यावर ताण करतात. परवा जिन्यात कुणीतरी खोडी काढलीच, "काय कानसेन, गेली का शिट्टी?"

"कुठे जातेय! पण तिच्यापलीकडून हिची बोलणी नीट ऐकू येतात. अजून काय पाहिजे माणसाला?"