जाळीची शाल आणि गाळलेली ओळ

माझ्या थोरल्या जाऊबाईंचा, म्हणजे अक्कांचा, या जगात फक्त त्यांच्या विणायच्या दोन सुयांवर विश्वास होता, आणि त्यांतल्याही एकीवर जरा कमीच. लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. साहेब आले, पाट्या आल्या, पाणी मात्र टँकरनंच यायचं. अक्का टँकरचं पाणी आधी हुंगून बघत, मग मला प्यायला लावत, मग अर्धा तास माझ्याकडे बघत.

मिशनच्या दवाखान्यातल्या एका नर्सकडून त्या जाळीची शाल विणायला शिकल्या होत्या. लोकर मात्र विकतची नको, तीत भेसळ! निलंग्याकडची एक धनगरीण कोकरांची पहिल्या कातरणीची लोकर आणायची. अक्का ती टकळीवर स्वतः कातत. पण त्याआधी एक झुपका चुलीत जाळून हुंगत. ‘‘यात बकरीचे केस आहेत.’’

‘‘लई शक करता अक्का. जळल्यावर समदं सारखंच वासतंय,’’ धनगरीण म्हणायची. ‘‘आन् एवढी भोकं ठेवायची तर लोकर कशाला? हवाच पांघरा की!’’ त्या साली चारा संपला. शेवटची लोकर देऊन ती मेंढरं घेऊन गोदाकाठाकडं निघाली. अक्कांनी त्यातलाही एक झुपका जाळून पाहिला.

नव्या साहेबांच्या बायका वीण मागायला यायच्या. अक्का हसून, चहा पाजून, एक ओळ गाळून सांगायच्या. मलाही तशीच सांगितली. आणि कोणी वही चोरली तर, म्हणून स्वतःच्या वहीतही त्यांनी ती ओळ गाळूनच लिहिली होती.

मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सहा महिने सुया बंद केल्या. ते सरले आणि धाकटी लेक बाळंतपणाला आली. थोरलीच्या बाळाला शाल झाली होती, हिच्या बाळाला बारशाला नको? अक्का विणायला बसल्या आणि अडल्या. ओळ गाळली आहे हे आठवे. कुठली, ते आठवेना. थोरलीची शाल तिच्याबरोबर दूर आसामात. तीन वेळा विणलं, तीन वेळा उसवलं. हातकताईची लोकर उसवून उसवून तुटायला लागली, आणि नवी आणणारी गोदाकाठी. चौथ्यांदा उसवताना अक्का तुटलेल्या टोकांना गाठी मारायला लागल्या.

मी पोळपाट बाजूला ठेवला. ‘‘तेराव्या ओळीनंतर एक ओळ नुसती उलट्या टाक्यांची आहे, अक्का.’’

सुया मांडीवर आल्या. ‘‘तुला कसं ठाऊक?’’

‘‘थोरलीची शाल बाजेवर ताणून वाळत होती ना, तेव्हा भोकं मोजली.’’

‘‘म्हणजे चोरलीस.’’

‘‘चोरली.’’

आता महिनाभर अबोला, असं मी धरून चालले. पण अक्कांचा चेहरा उजळला. आयुष्यभर घेतलेल्या संशयांपैकी एक तरी खरा निघाला होता. ‘‘बघ! मी म्हणत नव्हते, चोर घरातलाच असतो? आता सरक अशी, आणि टाके मोज. मोठ्यानं मोज.’’

बारशाला शाल झाली. काठाला लोकर थोडी कमी पडली. धनगरिणीनं वजनात मारली, असं अक्का शेवटपर्यंत म्हणत होत्या.

आता सुया आणि वही माझ्याकडे आहेत. परवा सूनबाईनं वीण मागितली. मी वही दिली, तेराव्या ओळीनंतर गाळलेल्या ओळीबद्दल बोलले नाही. मी विणलेली शाल मात्र धुऊन तिच्या खिडकीसमोरच्या बाजेवर वाळत घातली आहे. दोन दिवस झाले, वाळून कधीच गेली. अजून काढलेली नाही.