दुसरी काडी

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. बहिणीला सांगायला गेले होते एकदा, पण तिच्या दारातून परत आले. मी मुळात कमी बोलते. गल्लीत सगळ्यांना माहीत आहे — चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. आता चौथीपर्यंतच्या अक्षरात लिहिते आहे. तुम्ही ओळखीचे असता तर लिहिलंच नसतं.

आमचं गाव धामणगाव बढ्याजवळ. शेजारी निकिता राहायची, आईसोबत. नववीत होती. तिची शेळी शालिकभाऊंच्या मक्यात शिरली, तेव्हा हापशीवर सगळ्यांसमोर ते तिला म्हणाले, "शेळी वळता येत नाई अन् शाळा शिकते म्हणे!" पोरं हसली. निकिता रडत ओरडली, "तुह्या गोठ्याले आग लागो!"

असं आमच्याकडे कोण म्हणत नाही? मीही म्हटलं असेल. पण दुसऱ्या दिवशी गोठ्याला खरंच आग लागली. आधी बाहेरचा कुटाराचा, वाळल्या भुशाचा ढीग पेटला, मग गोठा. गाय गेली. वासराचं दावं सोडताना शालिकभाऊंचे दोन्ही हात भाजले. गावाला विचार करावा लागला नाही. हापशीवरचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं होतं.

निकिताची आई तेव्हा माहेरी गेली होती. पोरगी माझ्याकडे होती. पोलीस आले ते साध्या कपड्यात, आमच्याच ओसरीत बसले. साहेब वाईट बोलले नाहीत. म्हणाले, "लहान आहे, हिला जेल नसते. समजावून सोडतात. फक्त खरं सांगू द्या." मला तिच्याजवळ बसवलं — बाईमाणूस सोबत हवं म्हणून.

ती एकच बोलत होती. "म्या नाई केलं व काकू." साहेबांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघून बोलत होती. मला का सांगत होती? बहुतेक एवढ्यासाठी, की तिथे तिच्या ओळखीची मी एकटीच होते.

मी तिच्या कानाशी वाकले. म्हणाले, "हो म्हण न माय. लायनी हायेस तू, तुले काई नाई करत. हो म्हण, मंग उठून जाऊ."

तिनं साहेबांकडे मान वळवली. मग हो म्हणाली.

इतकं सरळ, न अडखळता मी आयुष्यात कुणाशी बोलले असेन असं वाटत नाही.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, बाई भोळी, पोरीची लवकर सुटका व्हावी म्हणून बोलली. तसं नाही. आग लागली त्या सकाळी मी चुलीतली राख काढली होती. राखेवर पाणी मारायचं असतं, सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. मी मारलं नाही. घाई होती — कसली, तेही आठवत नाही. टोपलं उकिरड्यावर पालथं केलं. राखेत पऱ्हाटीचे, कपाशीच्या सरपणाचे निखारे लाल होते. ते मी पाहिले. उकिरड्याला लागूनच शालिकभाऊंचं कुटार, आणि वाराही तिकडेच जाणारा. धूर दिसला तेव्हा लोक पळत सुटले, मी दारात उभी राहिले. मला तेव्हाच कळलं होतं.

म्हणजे साहेब म्हणाले, लहानांना शिक्षा नसते, तेव्हा मी काय ऐकलं? तिला नसते, मला असते — एवढंच.

पुढे लहान मुलांच्या कोर्टाकडून एक मॅडम घरी आल्या. मुलांच्या मनाचं शिकलेल्या होत्या. निकिताचं घर कसं, आई कशी, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, पूर्वी पोरानं हो म्हटलं की केलंच असेल असं धरायचे. आता मुलांचा अभ्यास करणाऱ्यांना दिसलं आहे, की या वयात भ्यालेल्या पोराला फक्त त्या जागेवरून सुटायचं असतं, उद्याचं त्याला दिसत नाही. आणि विश्वासातलं मोठं माणूस बोललं तर ते मान्य करून टाकतं. म्हणून कायदा आता घरी जाऊन विचारायला सांगतो. मग सरळ माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "तिला कुणी 'हो म्हण' असं सांगितलं होतं का?"

मी म्हणाले, चहा मांडते.

चहा पिऊन त्या गेल्या. जाताना म्हणाल्या, तुम्ही सोबत होतात ते बरं झालं.

कोर्टानं समज देऊन तिला सोडलं. साहेब खोटं बोलले नव्हते. गावानं मात्र सोडलं नाही. आगलावी हे नाव पडलं, दुसऱ्या पोरींच्या आया त्यांना तिच्याजवळ बसू देईनात. नववीतच शाळा सुटली. अठरा झाल्यावर मामानं सोनाळ्याकडे लग्न लावून दिलं.

मागच्या दिवाळीत ती आली. कडेवर लेकरू. माझ्या पाया पडली. स्वयंपाकघरात बसून, मी न विचारता, म्हणाली, "काकू, तवा मले वाटे म्या नाई केलं. आता आठवते सगळं. पह्यली काडी इझली, दुसरी लागली. तुम्ही नसत्या तं म्या कबूल केलं नसतं."

दुसरी काडी म्हणताना तिनं बोटांनी ओढून दाखवली. लेकरू तिच्या बोटांकडे बघत होतं.

पहिली काडी नव्हती. दुसरीही नव्हती. हे सांगू शकेल असं माणूस एकच होतं, आणि ते तिच्यासमोर बसलेलं होतं.

मी विचारलं, "चहा घेशील?"

"हाव," ती म्हणाली.

मी उठून चहा मांडला.