चटकाबाईची चादर

लॉन्ड्रीच्या इस्त्री खात्यात बारा टेबलं होती आणि सातव्या टेबलावरच्या बाईला सगळे चटकाबाई म्हणत. नाव पडलं त्याचा किस्सा असा. नोकरीचं दुसरंच वर्ष होतं. हॉटेलच्या चादरी चालल्या होत्या. शेजारच्या टेबलावरचीने सासूची नक्कल सुरू केली आणि ती अशी काही रंगली की हिचा हात चादरीवर होता तिथेच थांबला. हसून झाल्यावर इस्त्री उचलते तर खाली तांबूस डाग. मुकादमाने खातंभर ऐकू जाईल अशा आवाजात तिचा चादरीसकट उद्धार केला आणि म्हणाला, हे तुमचं शिल्प आता घरी न्या.

तिने खरंच नेलं. घरी पसरून बघितलं तर डाग थेट बसलेल्या कोंबडीसारखा, फक्त मान नव्हती. तिने घरची इस्त्री तापवली आणि टोकाने मान काढून दिली. मान आली तर पाय का नकोत, म्हणून पाय. आणि पाय आल्यावर बाईसाहेब निघाल्या कुठे हे दाखवायला रस्ता.

त्याला बावीस वर्षं झाली. चित्रकला तिला कुणी शिकवली नव्हती. शाळेत तिच्या एकुलत्या एका चित्राखाली मास्तरांनी ‘हे काय आहे?’ असं लाल शाईत विचारलं होतं आणि तिलाही सांगता आलं नव्हतं. पण इस्त्री तिच्या हातात बोलायची. वाफेची नवी नव्हे, जुनी, जड, कोरडी इस्त्री. टोकाने रेघ, कडेने सावली, बुडाने सगळं मोकळं रान. रंग म्हणजे आकडे. पुरत्या तापलेल्या इस्त्रीखाली कापड चार मोजेपर्यंत ठेवलं तर वाळल्या गवताचा रंग येई, सहाला चहाचा, नवाला भाजलेल्या विटेचा. अकराला भोक. अकरापर्यंत ती आयुष्यात तीनदाच गेली होती आणि तिन्ही वेळा कुणीतरी दार वाजवलं होतं.

घरात दुसरी बाई म्हणजे नणंद. नवरा गेल्यावर दोन खोल्यांत या दोघीच उरल्या. नणंद त्याच लॉन्ड्रीत, पण खाली, धुलाई खात्यात. तीस वर्षं रबरी बूट घालून पाण्यात उभी. धुलाई आणि इस्त्री ही खाती म्हणजे दोन सवती. खालच्या म्हणायच्या, वरच्यांना कष्ट माहीत नाहीत. वरच्या म्हणायच्या, खालच्यांना कापड माहीत नाही. नणंदेच्या हातून एखादा डाग राहून गेला असं लॉन्ड्रीत कधी घडलं नव्हतं, आणि घरी मात्र भावजय डागांची शेती करत बसलेली. आम्ही काढून काढून मरायचं आणि ही पेरणार, हे वाक्य तिने बावीस वर्षांत किती वेळा म्हटलं असेल त्याला गणती नाही. पण पाहुणं आलं की कोंबडीची चादर तीच आधी काढून दाखवायची.

लॉन्ड्रीतून गिऱ्हाइकांचे गठ्ठे जुन्या चादरींत बांधून जात. एकदा चटकाबाईने खात्यात दाखवायला आणलेली एक चादर चुकून गठ्ठ्याला गेली. गिऱ्हाईक होत्या नगरपालिकेच्या हॉलमध्ये प्रदर्शनं भरवणाऱ्या बाई. त्या दुसऱ्या दिवशी ती चादर घडी करून, छातीशी धरून परत आल्या. कुणाकडेही न शिकलेल्या माणसांच्या कामाचं प्रदर्शन दोन महिन्यांनी होतं आणि त्यांच्याकडे एक अख्खी भिंत मोकळी होती. भिंत भरेल असं काही कराल का, असं त्यांनी विचारलं.

काय करायचं हे चटकाबाईने तिथल्या तिथे ठरवलं. प्रदर्शनानंतरच्या महिन्यात खात्यात रोलरचं मशीन येणार होतं. बारातली नऊ टेबलं निघणार, बायका चार दिशांना पांगणार. त्याआधी सगळं खातं एका कापडावर बसवायचं. चेहरे तिला जमत नसत आणि तिने ते कधी लपवलंही नव्हतं. पण पाठी? सातव्या टेबलावरून बावीस वर्षं तिने दुसरं पाहिलं काय होतं? एकीचा खांदा इस्त्री ढकलताना कानाला टेकायचा. एक सगळा भार डाव्या पायावर टाकायची. एक इतकी ताठ उभी राहायची की तीच खळीत बुडवून काढल्यासारखी दिसे. अशा अकरा पाठी. त्या अकराजणींनी प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी, मंगळवारी दुपारी हॉलवर यायचं, असं एकमेकींना बजावूनही ठेवलं होतं.

कापड मिळवायलाच आठवडा गेला. नव्या चादरींत कृत्रिम धागा असतो. तो रंग धरत नाही, आकसतो आणि इस्त्रीला चिकटतो. एवढ्या पन्ह्याची निव्वळ सुती चादर अख्ख्या लॉन्ड्रीत एकच सापडली. त्यावर सात आठवडे राबून शनिवारी शेवटची पाठ पूर्ण झाली.

रविवारी सकाळी चादर टांगायला दांडी हवी म्हणून ती सुताराकडे गेली आणि घरात नणंद एकटी राहिली. नणंदेने चादर पाहिली. कडेला बोटांचे ठसे, एका कोपऱ्यात कपाचं वर्तुळ, सात आठवड्यांचा घाम. हे असं चारचौघांत जाणार? तीस वर्षांत तिच्या हातून न धुतलेलं कापड बाहेर गेलं नव्हतं. तिने पाणी तापवलं, बेताने ब्लीच घातलं, लाडक्या गिऱ्हाइकाला द्यावी तशी खळ दिली, उन्हात कडक वाळवली आणि चौकोनी घडी घालून टेबलावर ठेवली.

चटकाबाई खांद्यावर दांडी घेऊन आली तेव्हा नणंद दारातच उभी होती, शाबासकीची वाट बघत.

“मळकी नेणार होतीस होय?” ती म्हणाली. “बघ आता.”

चटकाबाईने घडी उलगडली. गवत गेलं होतं, चहा गेला होता. वीट तेवढी राहिली होती. टेबलांच्या कडा होत्या, वायरी होत्या, अकरा इस्त्र्या होत्या. धरणारं कुणी नव्हतं. अकरा इस्त्र्या हवेत तरंगत होत्या.

दांडी खांद्यावरून उतरवायचंही तिला सुचलं नाही. नणंदेचं तोंड आधी फुललं होतं, ते हळूहळू उतरलं. रंग कच्चा होता तर आधी सांगायचं नाही का, असं ती पुटपुटली, पण त्यात जीव नव्हता. शेवटी तिलाच ते सहन होईना.

“ओरड तरी, वहिनी. मुद्दाम केलं असं वाटतंय तुला.”

“नाही वन्सं. मुद्दाम केलं असतंत तर इतकं नीट केलं नसतंत.” तिने दांडी भिंतीला लावली. “आणि ओरडायला वेळ नाही. दीड दिवस आहे.”

प्रदर्शनवाल्या बाईंना नणंदेने भीतभीत फोन केला. त्या भल्या. म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नका, ती कोंबडीची चादर आणा, तीही छान आहे. चटकाबाईने मान हलवली. कोंबडी बघायला अकराजणी येणार नव्हत्या.

पण कापड दमलं होतं. सात आठवड्यांचे चटके आणि वर ब्लीच. तिने आधी कोपऱ्यात अंदाज घेतला. सात मोजले आणि धागा तुटला. म्हणजे नवापर्यंत जाणं संपलंच. गवताच्या रंगात अकरा पाठी काढल्या तर चार हातांवरून दिसल्या नसत्या. ती मोजत राहिली. चार. पाच. पाचला इस्त्री उचलली आणि खाली वाकून बघितलं. पाचलाच चहाचा रंग आला होता, चांगला कडक चहा. तिने शेजारी पुन्हा पाच मोजले. इथे फिकट.

“वन्सं, खळ सगळीकडे सारखी दिलीत का?”

“सारखीच,” नणंद दुखावून म्हणाली. मग जवळ येऊन तिने चिमटीत कापड धरून पाहिलं. “घडीत थोडी जास्त बसली असेल. इथे दाट आहे.”

जिथे खळ दाट तिथे रंग लवकर धरत होता, आणि कापड शाबूत राहत होतं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. खळीतलं इस्त्रीवालीला काय कळतं? तिच्याकडे येते ती वाळलेली. दाट, पातळ, पाणी किती, किती वेळ मुरवायची, हे सगळं खालच्या खात्याचं शास्त्र. नणंदेने पातेलं चढवलं.

रविवारची दुपार आणि अख्खा सोमवार, दोघींनी रजा टाकून, असं ते चाललं. चटकाबाई बोट ठेवून दाखवायची, नणंद बोटांनीच खळ लावायची, कुठे दुधासारखी, कुठे पिठल्यासारखी. वाळली की इस्त्री. दोन, तीन, पाच. खांदा कानाला टेकला. डाव्या पायावर भार आला. एकदा नणंदेचा हात मध्येच आला आणि चटका बसला. ती म्हणाली, तीस वर्षं पाण्यात काढून शेवटी मरण आगीतच लिहिलंय वाटतं. आणि खळ लावत राहिली.

सोमवारी दुपारी नऊ पाठी झाल्यावर नणंदेने हात पुसले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “यात धुलाई कुठे आहे गं?”

चटकाबाई थांबली. सात आठवड्यांत हे तिच्या मनात आलं नव्हतं. डाव्या कडेला खाली जायच्या जिन्याचं दार होतं, तेही तिने बंद काढलं होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

“बसा त्या स्टुलावर,” ती म्हणाली. “पाठ करा.”

“पाठ कशाला? माझी पाठ कुणी ओळखणार आहे का वर? आम्ही जिना चढून कधी आलो? तोंड काढ.”

“तोंड मला येत नाही.”

“परवापर्यंत तुला खळ येत होती?”

शिकायचं वय राहिलं नाही, कापड एकच आहे, चुकलं तर खोडता येत नाही, अशी कारणं चटकाबाईकडे होती. ती तिने सांगितली नाहीत. आधी उरलेल्या दोन पाठी संपवल्या. मग ब्लीचमध्ये पुसल्या गेलेल्या दाराच्या जागी नणंदेकडून दाट खळ लावून घेतली, तिला उजेडात बसवलं आणि निव्वळ टोकाने, दोन-दोन मोजत, तिच्या कपाळापासून सुरुवात केली. नाकापाशी तिने इस्त्री उचलली, मनगट झटकलं आणि पुन्हा टेकवली.

मंगळवारी दुपारी अकराजणी आल्या. प्रत्येकीने आधी आपली पाठ शोधली. मग एक म्हणाली, ही मी नाही, माझी कंबर एवढी नाही, आणि बाकीच्या दहाजणींनी ती तूच असल्याचं एकमुखाने सांगितलं. तिथून जो गलका सुरू झाला तो प्रदर्शनवाल्या बाईंना दोनदा येऊन आवरावा लागला. डाव्या कडेला जिन्याच्या दारात एक चेहरा होता. एक डोळा किंचित वर, ओठ जरा वाकडे, पण बघणाऱ्याला वाटावं की ही बाई आत्ता काहीतरी टोचून बोलणार आहे.

“नाक माझं नाही,” नणंद म्हणाली. आणि दिवसभर त्या चेहऱ्याशेजारी, तसंच तोंड करून उभी राहिली. लोकांना ताडून बघायला सोपं जावं म्हणून.

चटकाबाईचं लक्ष तिकडे नव्हतं. उजवा हात सुजला होता म्हणून तिने तो डाव्या हाताने धरला होता आणि ती अकराजणींच्या मागे उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. थोड्या वेळाने तिने ताठ उभ्या राहणाऱ्या बाईच्या खांद्याला बोट लावलं.

“पाठ झाली तुझी,” ती म्हणाली. “आता जरा इकडे वळ.”