दोघींत एक तिरकमठा

खांद्याच्या ऑपरेशनआधी नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "या हाताने रोज काय काय करता?" मी आरमोरीजवळच्या एका शाळेत शिकवते. फळ्यावर लिहिते, पोळ्या लाटते, असं काहीतरी ऐकायला मिळेल असं त्यांना वाटलं असावं. मी म्हटलं, "तिरकमठा ओढते." त्यांचं पेन थांबलं. "छंद म्हणून?" बाराव्या वर्षापासून सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत जे केलं, त्याला छंद म्हणायचं की आणखी काही, याचा विचार मी कधी केलाच नव्हता.

त्या पावसाळ्यात मी धानाच्या रोवण्यासाठी, म्हणजे भातलावणीसाठी, माहेरी गेले होते. परह्यांची, म्हणजे भातरोपांची, पेंडी घेऊन शेताच्या अरुंद धुऱ्यावरून चालताना पाय सरकला, उजवा हात टेकला आणि खांद्यात जुनी चिंधी फाडावी तसं काहीतरी झालं. तपासणीत कळलं, की खांद्याचा एक स्नायू हाडापासून सुटला आहे. तो पुन्हा हाडाला बांधला. दीड महिना हात झोळीत होता. माझी वेणी नवरा घालायचा. त्याला तीन पेडांचं गणित शेवटपर्यंत जमलं नाही, रोज सकाळी मी दोराच्या गुंत्यासारखं काहीतरी पाठीवर घेऊन बसायची आणि तो लांबून बघून म्हणायचा, "आज बरी झाली."

मग गडचिरोलीला व्यायाम शिकायला जाऊ लागले. तिथला फिजिओथेरपिस्ट तरुण होता, भारी चिकाटीचा. भिंतीवर बोटांनी चढायला लावायचा आणि बोटं जिथवर पोचली तिथे पेन्सिलीने रेघ मारायचा. "ताई, कालच्यापेक्षा बोटभर जास्त!" बोटभर रेघेसाठी माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, दुखण्याने की लाजेने, ते मला कळत नसे.

सातव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली. अगदी हलका तिरकमठा, थोडे बाण, दुखलं की बंद. मी एका रविवारी एकटीच शाळेच्या मैदानावर गेले. मी जिथे मुलींना तिरंदाजी शिकवायची, तेच मैदान. पाचवीच्या मुलींसाठी ठेवलेला लहान बांबूचा तिरकमठा घेतला. दोरी ओढली. हात थरथरू लागला, दोरी हनुवटीपर्यंत आलीच नाही आणि बाण पाच पावलांवर गवतात पडला. आणखी दोनदा केलं. तेच झालं. सोमवारी मी मुख्याध्यापकांना सांगितलं, की तिरंदाजीच्या मुली आता दुसऱ्या कोणाकडे द्या.

त्या आठवड्यात माझी मैत्रीण आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. आलापल्लीहून पलीकडे आत जंगलात तिचं गाव आहे, तिथे ती अंगणवाडी चालवते. दोन एसट्या बदलून आली, पिशवीत वाळलेली मोहफुलं आणि टोरीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या, तेलाची बाटली. दारातच म्हणाली, "जोहार. कुठी दुखते ते दाखव." मी म्हटलं, डॉक्टरांनी मालिश करायची नाही म्हणून सांगितलं आहे. तिने बाटली कपाटावर ठेवली. "मंग राहू दे. नवऱ्याचे पाय दुखत असतील."

आम्ही दोघी आलापल्लीच्या आश्रमशाळेत एका खोलीत राहिलो, पाचवीपासून दहावीपर्यंत. शाळेच्या मागे लाकडाचा डेपो होता. सागाच्या ओंडक्यांच्या थप्प्या, त्यांच्या कापलेल्या तोंडांवर हातोड्याने ठोकलेले आकडे, आणि उन्हं तापली की त्या सगळ्यातून उठणारा एक कडवट गोड वास. डेपोचं कुंपण आणि शाळा यांच्यामधल्या पट्ट्यावर आमच्या सरांनी तिरंदाजी सुरू केली. तणसाचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे, भारे घट्ट बांधून त्यांवर जुन्या प्रश्नपत्रिका लावायच्या, पाठकोऱ्या बाजूला निळीने गोल काढायचे. तिरकमठे सर स्वतः बांबूचे बनवायचे. मुली जास्त, तिरकमठे कमी. म्हणून दोघींत एक.

माझ्या वाट्याला ती आली. सहा बाण मी मारायचे, ती वेचून आणायची. मग सहा तिने, मी वेचायचे. तिची नजर माझ्याहून चांगली होती. माझा बाण सुटला, की तो कुठे लागणार हे तो लागायच्या आधी ती सांगायची. "वर गेला." "डावीकडे." आणि कधीतरी हळूच, "बसला." त्या एका शब्दासाठी मी दिवसभर हात दुखेपर्यंत ओढत राहायची. संध्याकाळी जेवणाच्या रांगेत आम्ही एकमेकींच्या बोटांवरचे दोरीचे वळ दाबून बघायचो. कोणाचे जास्त कडक, त्यावर भांडण व्हायचं.

दहावीच्या वर्षी राज्यस्पर्धेला शाळेतून एकच मुलगी जाणार होती. शेवटी आम्ही दोघीच उरलो. आमच्यातल्या निवडीच्या आदल्या दिवशी मी विहिरीवर कपडे धुताना तिच्याजवळ रडले होते. बाबा आजारी होते आणि मला घरी परत नेण्याचं चाललं होतं. स्पर्धेला गेले तर शिक्षण पुढे चालेल, अशी मला वेडी आशा होती. दुसऱ्या दिवशी शेवटच्या बाणापर्यंत आम्ही बरोबरीत. माझा बाण निळ्या गोलाच्या कडेला लागला. तिचा भाऱ्याच्या बाहेर गेला.

मी स्पर्धेला गेले, तिसरी आले. त्या प्रमाणपत्राच्या आधाराने म्हणा, सरांच्या खटपटीने म्हणा, पुढे शिकले आणि शिक्षिका झाले. ती गावी गेली. तिची नजर माझ्याहून चांगली होती हे मला माहीत होतं, म्हणून माझ्या मनात पक्कं बसलं होतं, की तो बाण तिने मुद्दाम बाहेर मारला. तीस वर्षं मी हे कोणाला बोलले नाही. तिच्या मुलीच्या लग्नात मी जास्तच आहेर केला, तिचा फोन आला की हातातलं काम टाकून घ्यायची. ती मात्र कधी त्या दिवसाचं नावही काढायची नाही आणि त्यामुळे मला ती आणखीच मोठी वाटायची.

यावेळी ती आली, तेव्हा मी मनाने इतकी खचलेली होते, की दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना बोलून गेले. म्हटलं, "तू माझ्यासाठी सोडून दिलंस आणि शेवटी मीही सोडलं. तुझा तो बाण वाया गेला."

"कोणता बाण?"

मी सांगितलं. ती पालकाची जुडी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. आधी हसली. मग तिचं हसू गेलं.

"तू इतके वर्षं हेच डोक्यात घेऊन बसली का वो?"

"मग? तू मुद्दामच..."

"काऊन मुद्दाम? मी जीव लावून मारली होती. उन्हाची तिरीप आली डोळ्यात अन् चुकली. आठ दिवस मले जेवण गेलं नाई. तुह्याशी बोलाव नाई वाटे, पण खोली एकच, जाईन कुठी?" तिने जुडी परातीत टाकली. "म्हणजे स्पर्धेले तू गेली, नोकरी तुले लागली, अन् माही हारही तूच घेऊन गेली! मी खेळून हरली, बाई. मले बिचारी नको करू."

तीस वर्षं मनात जपलेलं उपकाराचं ओझं कोणीतरी उचलून बाजूला ठेवलं आणि त्याखाली काहीच नव्हतं, असं झालं. तिनेच विचारलं, "शाळेचं मैदान उघडं असते का आज?"

"कशाला?"

"तेव्हा तुहा हात चांगला होता. आता तुहा मोडला अन् माही सवय मोडली. आता बराबर आहो आपण. चाल."

आम्ही गेलो. दुपार कलली होती. मैदानात कोणी नव्हतं, फक्त दोन बकऱ्या. तो पाचवीच्या मुलींचा तिरकमठा, पंधरा पावलं, सहा-सहा बाण. दोघींत एक. तिने लुगड्याचा पदर खोचला आणि पहिला बाण असा सोडला, की तो भाऱ्यावरून थेट मागच्या बेशरमाच्या झुडपात. बकऱ्या पळाल्या. ती पोट धरून हसली. मग माझी पाळी. माझा हात पुन्हा थरथरला. बाण भाऱ्याच्या अलीकडेच पडला.

"थांब," ती म्हणाली. "खांदा कानाले लावून राह्यली तू. दुखल म्हणून आधीच भेते. सर काय म्हणत? डोक्यावर पाण्याचा भरला गुंड असला की खांदे कुठी असतात?"

"खाली."

"मंग ठेव खाली."

खरंच, सात महिने मी तो खांदा दुखू नये म्हणून वर उचलूनच वागवत होते. झोपतानासुद्धा. मी श्वास सोडला. डोक्यावर पाण्याचा गुंड आहे असं मनात आणलं. खांदा उतरला. पाठीतून काहीतरी हळूहळू सरकल्यासारखं झालं आणि दोरी हनुवटीला लागली. ओढ बसली, पण ती दुखापतीची कळ नव्हती. सोडला.

"बसला," ती म्हणाली.

भाऱ्याच्या खालच्या कोपऱ्यात, गोलापासून लांबच, पण बसला होता. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. ती म्हणाली, "पाहत काय राह्यली? माही पाळी."

शेवटी तिचे तीन बाण लागले, माझे दोन. तिने मैदानातूनच मुलीला फोन लावला. "अवो, आज मी तुह्या मास्तरीण मावशीले हरवली! हाव, खरंच!" मी बेशरमाच्या झुडपात तिचा हरवलेला बाण शोधत होते आणि मला सपाटून राग आला होता. स्वतःच्या हाताचा राग, तिच्या त्या तिसऱ्या बाणाचा राग, तिच्या हसण्याचा राग. किती दिवसांनी मला असा राग आला होता! दुखण्याला मी मान खाली घालून होकार देत बसले होते. हरणं मात्र मला सोसवेना.

ती चार दिवस राहिली. रोज संध्याकाळी आम्ही सहा-सहा बाण मारले, त्याहून एकही जास्त नाही. गडचिरोलीच्या फिजिओथेरपिस्टला मी सगळं सांगितलं. त्याने आधी रागावून घेतलं, मग ओढण्याची रीत करून दाखवायला लावली आणि म्हणाला, "ताई, हे गुंडाचं कोणी सांगितलं? मी बाकी पेशंटला सांगू का?"

ती गेल्यावर मी मुख्याध्यापकांकडे जाऊन माझ्या मुली परत मागितल्या. आता मी तीस मीटरवरून मारते. पूर्वीच्या वजनाचा तिरकमठा मी पुन्हा कधी ओढू शकणार नाही, हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं आहे. ज्या मुलीचा हात थरथरतो, तिच्यावर मी आता ओरडत नाही. पूर्वी ओरडायची. जोर नाही म्हणून दोन-तीन जणींना मी घरी पाठवलंही होतं. त्यांचे चेहरे हल्ली आठवतात.

दिवाळीनंतर मी आलापल्लीला गेले. ती स्टँडवर आली होती. सर आता नाहीत. जुन्या पट्ट्यावर शाळेची नवी इमारत उभी आहे, पण डेपोचे ओंडके आहेत, वास आहे. आम्ही कुंपणाला टेकून बराच वेळ उभ्या होतो. इथे कोण उभी राहायची, विहीर कुठे होती, यावर आमचं एकमत झालं नाही. मग तिच्या गावी गेलो. अंगणवाडीच्या मागे तिने तणसाचा भारा बांधून ठेवला होता आणि गावातल्या एका म्हाताऱ्याकडून नवा हलका तिरकमठा करून घेतला होता.

आता महिन्या-दोन महिन्यांतून कधी ती इकडे येते, कधी मी तिकडे जाते. बहुतेक वेळा तीच जिंकते. मागच्या खेपेला मी जिंकले. तिने बाण मोजले, पुन्हा मोजले आणि चहा न घेताच एसटीला निघाली. दोन दिवस फोनवर नीट बोलली नाही. मला फार बरं वाटलं.