एक ठिपका मिक्सर, दोन ठिपके अँप

शाळंत मी दुसरीपत्तुर गेलो, त्यातली पहिली दोनदा. त्यामुळं साउंडच्या धंद्यात आलो तवा मशीनवरची अक्षरं मला मुंग्यांवानी दिसायची. पहिल्याच लग्नात मी स्पीकरच्या बॉक्सची वायर दातानं सोलली आन पीळ न मारताच आवाज वाढवायच्या अँपला जोडली. तिची एक बारीक तार अँपच्या लाल टोकावरनं काळ्या टोकावर टेकली. अँपमधनं धूर निघाला. मी वऱ्हाडाला सांगत सुटलो, धुक्याचं मशीन हाय म्हनून.

साउंडचे मालक म्हंजी आमचे वस्ताद, त्यांनी मारलं न्हाई. घरातनं बायकूची, म्हंजी काकूंची, लाल नेलपॉलिशची बाटली आनली. मिक्सरच्या बटनापाशी एक ठिपका दिला, अँपच्या बटनापाशी दोन.

"हे बघ इद्वाना, आदी सगळं बंद ठिवून वायरी जोडायच्या. लाल लालला, काळी काळीला. मग एक, मग दोन. बंद करताना दोन, मग एक. अँप आदी चालू केला आन मागनं मिक्सर, तर बॉक्स असा धाडकन वाजंल, की म्हातारी मानसं बसल्या जागी जात्याल."

"आन इसरलो तर?"

"बोटं हायेत ना? ठिपके चाचपायचे."

सोळा वर्सं चाचपले.

मग वस्तादच गेले. छातीत कळ आली, चहा हातातच ऱ्हायला. दहावा कोल्हारला, प्रवरेच्या घाटावर. प्रवचन ठेवलेलं, साउंड आपलाच. वस्तादांचं काम म्हनून मी आदल्या दिवशी सगळी मशीनं थिनरनं घासून चकाचक केली. ठिपके बी त्यातच गेले. मला पत्ता न्हाई.

सकाळी पिंड ठेवला. कावळा शिवला न्हाई तर मानसाची कायतरी इच्छा ऱ्हायली, असं आपल्यात समजत्यात. काकू हात जोडून पुटपुटत हुत्या, "आवं, या ना. नका ताटकळवू." झाडावर दहाबारा कावळे हुते. त्यातला एक खाली आला, उड्या मारत पिंडापासनं हातभर लांब थांबला.

तेवढ्यात महाराजांनी माईककडं बोट केलं. वायरी मी चांगल्या पीळ मारून जोडल्या हुत्या. बोटं ठिपके शोधायला गेली, तर तिथं निस्ता गुळगुळीत पत्रा. डोळं भरलेलं. हाताला आलं ते बटन दाबलं, मग दुसरं.

धाड!

झाडावरचे सगळे कावळे, खाली आलेला बी, नदीपल्याड गेले.

वस्तादांचा पोरगा पुढं झाला, बापाला म्हनला, "अण्णा, साउंड इकनार न्हाई, मीच चालवीन." कोन येईना. काकू म्हनल्या, "मी येळेवर जेवीन, गोळ्या घीन." तरी न्हाई. मग पोरगा माझ्याकडं वळला.

"आता तूच बोल. तुझ्याच करामतीनं कावळे गेलेत."

मी हात जोडले. "वस्ताद, इथनं पुढं अँप शेवटी."

मागनं कोनतरी फिस्सकन हसलं. जन्मभर लोकांनी हसावं म्हनून माकडचाळे केले, त्या दिवशी मातुर तसं काय मनात नव्हतं.

ऊन वर आलं. गुरुजींनी घड्याळ बघितलं, दर्भाचा कावळा केला आन पिंडाला शिववला.

दुपारी सामान घरी उतरवलं. काकूंनी नेलपॉलिशची बाटली आनून माझ्या हातात दिली. "घे. मला आता कशाला लागती?"

मी वट्यावर बसून ठिपके दिले. बाटलीत पार घट्ट झालेलं, अँपवरचा दुसरा ठिपका टिकलीएवढा मोठा झाला.

काकू दारात उभ्या हुत्या. "तो आला हुता रं, हातभर लांब. मी बघितला. आता त्यांचं काय ऱ्हायलं असंल?"

मी खाली मान घालून ठिपक्यांवर फुंकर मारत बसलो. ते कवाच वाळले हुते.